महालक्ष्मीचं पातळ आणि रातकिडे

मागच्या वर्षी भाद्रपदात, महालक्ष्म्या बसवायच्या आदल्या रात्री मी पेटी उघडली. धाकटीचं हिरवं पातळ घडीतून मोकळं केलं, उजेडाकडे धरलं, तर काठापासून चार बोटांवर आरपार भोक. त्याच्या शेजारी आणखी दोन. मोठ्या भोकातून माझं बोट गेलं. कडा कात्रीनं कापल्यासारख्या सरळ नव्हत्या, कुरतडलेल्या होत्या, धाग्यांची टोकं फुसफुसलेली. हे पातळ सासूबाईंच्या माहेरचं आहे. लग्नानंतरच्या त्यांच्या पहिल्या महालक्ष्म्यांना त्यांच्या वडिलांनी घेऊन दिलेलं. त्यांनी ते हातात घेतलं, भोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "इथंच तं आंबील सांडली होती वो मागल्या साली."

खरंच होतं. नैवेद्य दाखवताना वाटी कलंडली होती. जुनी जरतार खराब होईल या भीतीनं मी पातळ धुतलं नव्हतं, ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून तसंच घडी घालून ठेवलं होतं. भोकं बरोबर त्या डागावर होती. बाकी पातळाला धक्काही नव्हता.

त्या रात्री निऱ्या अशा घातल्या की भोकं आत गेली. सण पार पडला. पण माझ्या मनातून ते जाईना. मी घरी शिवणकाम करते. कापडावर माझं पोट आहे. घरात कापड खाणारं काही असेल तर मला झोप लागणार कशी?

पहिला संशय कसरीवर गेला. डांबरगोळ्या आणल्या, पेटीत टाकल्या, कापडाच्या मांडणीवर टाकल्या. आठ-दहा दिवसांनी गावातल्या एका मुलीच्या साखरपुड्याचं ब्लाउजपीस कापायला घेतलं. खळ असलेलं कोरं सुती कापड, त्याला दोन भोकं. ते मी भरून दिलं, पैसे गेले त्यापेक्षा त्या मुलीच्या आईसमोर उभं राहायची लाज जास्त वाटली. कापड मी उन्हात धरून नीट पाहिलं. कसर कापडाचा वरचा थर खरवडते, जागा विरळ होते, जाळीसारखी दिसते. हे तसं नव्हतं. हे दातांचं काम होतं.

मग एका रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले. मशीनच्या पायडलजवळ मी कतरणींची पिशवी ठेवते. तिच्यातून बारीक कुरकुर येत होती. मोबाइलचा टॉर्च लावला. पिशवीच्या तोंडाशी एक रातकिडा बसला होता, गव्हाळ तपकिरी रंगाचा, अंगावर आडवे काळपट पट्टे, अंगाहूनही लांब मिशा. पुढच्या दोन पायांनी त्यानं चिंधीची कड धरली होती आणि डोकं वरून खाली, वरून खाली नेत तो ती खात होता. उजेड पडल्यावर मिशा थांबल्या. मग एका उडीत तो भिंतीच्या आणि फरशीच्या सांध्यात गेला. त्या सांध्यात माझी करंगळी जाईल एवढी फट होती. रोज झाडताना मी तिच्यावरून झाडू फिरवत होते.

रातकिडा आमच्या इकडे कोणाला नवीन नाही. मृग लागला, चार पाऊस पडले की सांजवेळेपासून किर्रर सुरू होतं आणि त्यातच लेकरं झोपतात. ऐकू येतं म्हणून तो बाहेर वावरात आहे असंच आपण धरून चालतो. घरात पेटीजवळ बसून तो खळीचं, घामाचं, अन्न सांडलेलं कापड खातो हे मी पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. लोकर, रेशीम, सुती कापड, कागद, भाजीची सालं, मेलेले किडे, त्याला सगळं चालतं. मळकं कापड असेल तर ते आधी.

आता चुकीचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

मी यांना सांगितलं, घरात रातकिडे लय झाले. यांनी कोठ्यातून कपाशीच्या फवारणीतली उरलेली बाटली आणली. बाटलीवरच्या चौकोनात खालचा त्रिकोण पिवळा होता. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, त्याच्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना कळायला पाहिजे. मला कळत होतं. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. आमच्याच गावातल्या एका मजुराला तेव्हा दोन दिवस डोळ्यांना धूसर दिसत होतं, त्याची बायको आमच्या ओसरीवर येऊन रडली होती. एवढं पाहूनही मी त्या रात्री म्हटलं, मारा थोडंसं न्हाणीत आणि भिंतीच्या कडेनं. यांनी मारलं. दारं-खिडक्या लावून आम्ही झोपलो.

पहाटे सासूबाईंना मळमळायला लागलं. डोकं गरगरतंय म्हणाल्या, तोंडाला सारखं पाणी सुटत होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "बाटली सोबत आणली का?" आणली नव्हती. मुलगा परत गाडीवर घरी जाऊन घेऊन आला. औषध कोणतं ते कळलं की उपाय लवकर ठरतो, म्हणून ती बाटली लागते. दिवसभर ठेवून घेतलं, संध्याकाळी त्या घरी आल्या. घरात शिरताना त्यांनी पदर नाकाला लावला तो मला अजून दिसतो. दोन कोंबड्या दुपारीच गेल्या होत्या, त्यांनी आंगणात मरून पडलेले रातकिडे टिपले होते. न्हाणीच्या नालीजवळ मोठा भेक, म्हणजे बेडूक, पालथा पडला होता. रोज रात्री तिथं बसून किडे खायचा तो.

आणि आठव्या दिवशी न्हाणीतून पुन्हा आवाज.

दसऱ्याला भाचा आला. तो अकोल्याला, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकतो. त्याला सगळं सांगितलं. आधी तो यांच्यावर चिडला, मग माझ्यावर. नंतर म्हणाला, "मामी, तुमी मोठे मारले. अंडी तं जमिनीतच हायेत. त्याइले कोण मारलं?"

तो मला न्हाणीच्या मागे घेऊन गेला. पाणी जिथं बाहेर पडतं तिथं अळू लावलेला आहे, माती बारा महिने ओली. त्यानं खुरप्यानं बोटभर माती हलकेच उचलली आणि तळहातावर पसरली. आधी मला काहीच दिसलं नाही. मग दिसलं. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, जराशी वाकडी, पिवळसर पांढरी अंडी. एका चिमटीत दहा-बारा. त्यानं मादीही धरून दाखवली, काळी होती ती. तिच्या मागे सुईसारखी लांब नळी असते. ती ओल्या मातीत खुपसून अंडी आत सोडते, एक-एक मादी शेकड्यांनी. ऊब आणि ओल मिळाली की दोनेक आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात. पिल्लं आईसारखीच दिसतात, फक्त बारीक आणि बिनपंखांची. मधे कोश वगैरे काही नाही. कात टाकत टाकत दीड-दोन महिन्यांत मोठी होतात. जूनच्या शेवटी चांगला पाऊस झाला तर भाद्रपदात घर का भरतं, हे मला त्या तळहातावर कळलं.

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती आमच्या घरासाठी फार मोलाची ठरली. घरात दोन जातीचे होते. काळा, जाड, चमकदार, तो वावरातला. त्याला पंख असतात, तो दिव्यावर उडत येतो आणि दाराखालून आत शिरतो. दुसरा तो गव्हाळ, पट्ट्यांचा, मी कतरणीवर पाहिलेला. त्याच्या नराला आखूड पंख, मादीला जवळजवळ नाहीतच. तो उडत नाही. तो घरातच राहतो, भिंतीच्या भेगांत, न्हाणीत, चुलीमागे. काळ्याचा इलाज दारात आणि दिव्यावर, पट्ट्यावाल्याचा इलाज भेगांत आणि ओलीत. एकच उपाय दोघांवर करत बसलं असतं तर निम्मी मेहनत पाण्यात गेली असती.

त्याच रात्री आम्ही घरातले शोधले. गाणारा फक्त नर असतो, पुढचे पंख एकमेकांवर घासून तो आवाज काढतो. जवळ गेलं की गप्प होतो, कारण त्याला पावलांची थरथर आणि हवेची हालचाल लगेच कळते. म्हणून जवळ जायचंच नाही. माझी मुलगी एका कोपऱ्यात उभी राहिली, मी दुसऱ्या. दोघींनी डोळे मिटून आवाजाच्या दिशेनं बोट रोखलं. भाच्यानं दोन्ही बोटांच्या सरळ रेषेत पाहिलं आणि त्या जिथं एकमेकींना कापतात तिथं खडूनं खूण केली. अशा सहा खुणा झाल्या. दोन न्हाणीच्या उंबऱ्याखाली, एक चुलीमागे, एक रांजणाच्या तिवईखाली, दोन शिवणाच्या खोलीत. सकाळी पाहिलं तर प्रत्येक खुणेशी एक तर भेग होती, नाहीतर ओल. चार ठिकाणी दोन्ही.

मग कामाला लागलो. एका दिवसाचं काम नव्हतं ते. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत जसा वेळ आणि पैसा मिळाला तसं केलं.

सगळ्यात आधी पराट्यांचा ढीग. चुलीसाठी आम्ही पराट्या आणि तुराट्या, म्हणजे कपाशीची आणि तुरीची वाळलेली झाडं, मागच्या भिंतीला टेकवून रचतो, सगळं गावच रचतं. वरून पाऊस लागत नाही आणि हाताशी असतं. तो उपसला तेव्हा खालच्या थरातून रातकिडे असे उसळले की कोंबड्यांना खाता खाता दम लागला. खाली माती ओली, वर अंधार, बाजूला घराची भिंत, त्यांना आणखी काय पाहिजे होतं? ढीग आता कुंपणाशी आहे, घरापासून तीस-पस्तीस पावलांवर, खाली दगड आणि फळ्या टाकून जमिनीपासून वीतभर उंच. सासूबाईंना सुरुवातीला लांब पडायचं. आता मी सकाळीच दिवसाच्या पराट्या मोडून चुलीजवळ आणून ठेवते, तेवढ्याच. कुटाराची, म्हणजे भुशाची, पोतीही ओसरीतून कोठ्यात गेली.

न्हाणीचं पाणी हे मोठं काम. शोषखड्डा करायचा ठरवला. यांनी आणि मुलानं मीटरभर लांब, मीटरभर रुंद खोदला, तीन फुटांवर थांबले. तिथपर्यंत काळी मातीच होती. बादलीभर पाणी ओतून पाहिलं, दुसऱ्या दिवशीही तसंच. काळी माती एकदा फुगली की पाणी पुढे जाऊ देत नाही. मग आणखी खोदत मुरूम लागेपर्यंत गेले, तेव्हा पाणी घटाघटा प्यायल्यासारखं जायला लागलं. तळाशी मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर गिट्टी आणि वर बुडाला भोकं पाडलेला माठ, त्यात गाळायला नारळाच्या शेंड्या. शेंड्या महिन्याला बदलाव्या लागतात, नाहीतर साबणाचा गाळ बसतो. न्हाणीतून खड्ड्यापर्यंत पाइप आणि पाइपाच्या तोंडाला जाळी. अळू मी काढून टाकला. तो अळू मला फार आवडायचा, पण काढला. आता विहिरीजवळ लावला आहे.

भेगांचं काय करायचं हे मात्र गवंड्यापेक्षा सासूबाईंना जास्त कळत होतं. आमचं घर काळ्या जमिनीवर. उन्हाळ्यात ती आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात फुगून मिटतात. तिच्यासोबत जोतं हलतं, म्हणून नुसतं सिमेंट भरलं की पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या शेजारी नवी भेग. या भेगांतच उन्हाळाभर रातकिडे राहतात आणि पहिल्या पावसात जमीन मिटायला लागली की वर येतात, तेव्हा समोर आपली भिंत असते. मागच्या दोन खोल्यांच्या मातीच्या भिंतींना सासूबाईंनी पांढरी माती, कुटार आणि शेण कालवून दोन दिवस कुजवलं आणि त्याचं लिंपण केलं, वरून चुन्याचा हात. हे लिंपण थोडं लवचिक राहतं. पुढच्या पक्क्या खोल्यांत फरशीचे सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरले. बाहेरून घराच्या चारी बाजूंनी दोन फूट रुंद, फूटभर खोल काळी माती काढून तिथं मुरूम ठोकला, उतार बाहेरच्या बाजूला. या मुरमाच्या पट्ट्यानं जेवढं काम केलं तेवढं दुसऱ्या कशानंच केलं नाही. भिंतीशी ओली मातीच राहिली नाही, तर मादी अंडी घालणार कुठं?

दारांच्या खाली यांनी मोटरसायकलची जुनी ट्यूब कापून पट्ट्या ठोकल्या, अशा की दार लावलं की पट्टी फरशीला घासली पाहिजे. चार दारांना एक ट्यूब पुरली. खिळे सोडून काही खर्च नाही.

दिव्याचं सांगायचं तर ओसरीच्या दारावर आम्ही पांढरा एलईडी लावला होता, लख्ख. त्याच्याखाली रात्री किड्यांची रांगोळी पडायची. बहुतेक किड्यांना निळसर पांढरा उजेड ओढतो, पिवळ्याकडे ते कमी येतात. दारावरचा बल्ब काढला. आंगणातल्या कडुनिंबाच्या खोडाला, दारापासून पंधरा फुटांवर, पिवळा बल्ब लावला, उजेड पायरीवर पडेल असा. किडे आले तरी निंबाखाली येतात. समोरच्या खांबावरचा दिवा पांढराच आहे, तो आपल्या हातात नाही, म्हणून त्या बाजूची खिडकी दिवे लागायच्या आधी लावून घेते.

सापळ्यांचे दोन प्रकार केले. गुळाच्या पाण्याचा डबा जमिनीत तोंडाबरोबर पुरला. त्यात रातकिडे पडले, पण मुंग्या आणि झुरळं त्याहून जास्त, आणि तीन दिवसांत वास सुटला. मी तो बंद केला. दुसरा मात्र पक्का. संध्याकाळी जुनं पोतं पाण्यात भिजवून, पिळून, भिंतीपासून पाच-सहा पावलांवर पसरायचं. पहाट झाली की रातकिडे आडोसा शोधतात, ते त्या ओल्या पोत्याखाली जाऊन बसतात. उजाडल्यावर एकानं पोतं एका कडेनं झटकन उचलायचं, दुसऱ्यानं कोंबड्या सोडायच्या. पहिल्या सकाळी माझ्या मुलीनं एक्केचाळीस मोजले. कोंबड्यांना फुकटचा खुराक. पण हे करायचं असेल तर घरात-आंगणात विष कुठंही मारलेलं नको, हे आम्ही दोन कोंबड्या देऊन शिकलो.

आतल्या पट्ट्यावाल्यांसाठी बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या बारीक गोळ्या केल्या, झुरळांसाठी करतात तशाच. मांडणीच्या मागे, लेकरांचा आणि कोंबड्यांचा हात-चोच पोचणार नाही अशा ठिकाणी, झाकणात ठेवून. हळू काम होतं. बोरिकही विषच आहे, म्हणून गोळ्या केल्यावर ते भांडं मी स्वयंपाकाला परत वापरलं नाही. निंबाच्या पाल्याचा धूर सगळे सांगतात. मीही केला. धूर असेपर्यंत ते गप्प बसले आणि धूर विरला की पुन्हा सुरू.

डिसेंबरात घर शांत झालं. मला वाटलं, संपलं. भाच्याला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "मामी, ते गारठले हायेत." मग त्यानं सांगितलं की अमेरिकेत डॉल्बेअर नावाच्या शास्त्रज्ञानं १८९७ साली रातकिड्याच्या आवाजावरून हवेचं तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. ऊब वाढली की किर्रर वेगात, थंडी वाढली की सावकाश, फार गारठा असला की बंद. म्हणजे आवाज नाही म्हणून रातकिडा नाही असं धरता येत नाही. भेगा भरायचं उरलेलं काम त्याच थंडीत पूर्ण केलं. तेव्हा माती कोरडी होती आणि हातात वेळ होता.

एक गोष्ट आमच्या कोणाच्याच लक्षात आली नव्हती, ती उन्हाळ्यानं दाखवली. कूलर. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय घरात बसवत नाही. सगळीकडे माती भाजून निघालेली असताना खिडकीबाहेर कूलरखाली तेवढी एक ओली जागा. पंप गळत होता, माती चिखल झाली होती. एका दुपारी कूलरची ताटी बदलायला काढली तर गवताच्या मागे बारीक पिल्लं, राईच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी, बिनपंखांची, टुणटुण उड्या मारणारी. ज्या घरात मी भिंतभर फटी बुजवल्या त्याच घराला मी खिडकीतून ओल पुरवत होते. पंपाची नळी बदलली, कूलरखाली फरशीचे तुकडे टाकले, ताट्या आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवायच्या असा नेम केला. रांजणाच्या तिवईखाली परात ठेवली, ठिबकणारं पाणी तुळशीला जातं. तुळशीच्या वृंदावनातली माती मात्र मी वरून वाळू देते, मग पाणी घालते.

कापडाचंही वळण बदललं. अर्धवट शिवलेलं काही रात्री मशीनवर ठेवत नाही. कतरणी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. घामाचे कपडे खुंटीवर राहत नाहीत, त्याच दिवशी भिजतात. वर्षातून एकदा लागणारी पातळं धुऊन, खळ न घालता, उन्हात वाळवून पत्र्याच्या पेटीत ठेवते. जुन्या लाकडी पेटीच्या तळाला फट होती, तिच्यात आता भांडी आहेत.

या वर्षीचा मृग आला. पावसाच्या तिसऱ्या रात्री बाहेर किर्रर सुरू झालं तेव्हा मी उठून बसले. ओसरीत गेले, स्वयंपाकघरात गेले, शिवणाच्या खोलीत अंधारात मशीनजवळ कितीतरी वेळ उभी राहिले. आवाज सगळा बाहेरून येत होता, कुंपणाकडून. जुलैत आठवड्यातून दोनदा पोतं टाकलं, ऑगस्टमध्येही. एक्केचाळीसचे नऊ झाले, एकदा तर तीनच. घरात अधूनमधून एखादा सापडतो. त्याला काचेच्या बरणीखाली धरते, खालून पुठ्ठा सरकवते आणि कोंबड्यांना देते. नालीजवळ नवा भेक आला आहे. मुलीला मी सांगून ठेवलं आहे, त्याला आणि भिंतीवरच्या पालींना झाडूचा धक्काही लागता कामा नये.

फवारणीची सगळी औषधं आता कोठ्यात, कुलूप असलेल्या पेटीत असतात. किल्ली यांच्याकडे नाही, सासूबाईंच्या कमरेला आहे. त्यांनीच मागून घेतली.

महालक्ष्म्यांच्या आदल्या रात्री पत्र्याची पेटी उघडली. हिरव्या पातळाला मी आतून त्याच रंगाचा कपडा लावून रफू केलं होतं, तेवढं दिसत होतं. नवीन काही नव्हतं. सासूबाईंनी पूर्ण पातळ उलगडून दिव्यासमोर धरलं, काठाकाठानं पाहिलं आणि मग माझ्या हातात दिलं. या वेळी आंबिलीची वाटी त्यांनी पाटावर, पातळापासून हातभर लांब ठेवली.

मागच्या खोलीत छपराचे कवेलू आणि भिंत जिथं भेटतात तिथली फट राहिली आहे. तिथून परवा एक काळा आत आला. शिडीवर चढून लिंपायचं माझ्यानं होत नाही, गवंडी सोयाबीन निघाल्यावर येतो म्हणाला आहे. तोवर तिथं चिंध्यांचा बोळा कोंबला होता, पण चिंध्या म्हणजे त्यांचं खाणंच, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. काढला आणि तारेची जाळी लावली.